पंखा दोनवर

अरविंद गेल्याची बातमी मला औषधाच्या दुकानातून आली. त्याच्या ऑफिसला लागूनच ते दुकान. "काका, तुमचे भाऊ खुर्चीत बसलेत, पण बोलत नाहीत," एवढंच तो दुकानदार फोनवर म्हणाला. औषधं विकणाऱ्या माणसाला याहून जास्त कळलं असणार, पण त्याने ते माझ्यावर सोडलं. मी पोचलो तेव्हा वरच्या मजल्यावरचे डॉक्टर खाली येऊन, जे सांगायचं ते सांगून, दाराशी उभे होते. अरविंद खुर्चीतच होता. चष्मा कपाळावर, समोर टेबलावर त्याचं ते तीन डोलकाठ्यांचं जहाज, आणि भिंतीवर पंखा चालू. अशा वेळी माणूस काय करतो याबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. मी पंख्याच्या बटणाकडे पाहिलं. दोनवर होता. मग मला खात्री पटली की तो गेला तेव्हा सगळं व्यवस्थित होतं.

याला आता काही आठवडे झाले. कुटुंबाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं यायची थांबली आहेत आणि पुन्हा सुप्रभात सुरू झालं आहे. तेव्हा आता त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही.

अरविंद माझा आतेभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. खांदा कॉलनीत एका इमारतीच्या तळमजल्यावर, औषधाचं दुकान आणि पोळी-भाजी केंद्र यांच्या मधोमध त्याचं ऑफिस होतं. पाटीवर एक शिडाचं जहाज, आणि त्याखाली 'निवडक प्रवाशांसाठी शिडाच्या जहाजांवरील आलिशान सफरी'. संध्याकाळी पोळ्यांसाठी रांगेत उभे राहिलेले लोक ही पाटी वरपासून खालपर्यंत वाचत, थोडे हसत, आणि गरम पोळ्यांचा पुडा घेऊन घरी जात. अरविंद विकत असे ते एवढंच. पन्नास-साठ प्रवासी, खरीखुरी शिडं, आणि मोठ्या जहाजांना आत शिरता येत नाही अशी चिमुकली बंदरं. हजारो माणसं नेणाऱ्या क्रूझला तो 'तरंगता मॉल' म्हणायचा आणि तिची तिकिटं काढून द्यायला साफ नकार द्यायचा. मला ते तत्त्व वाटे. शैलावहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, आडमुठेपणा. पनवेलमध्ये असल्या सफरीला गिऱ्हाईक कुठून मिळणार, असं मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तो म्हणाला, "विमानतळ येतोय." जणू उतरणारं प्रत्येक विमान त्याच्या दारात थांबणार होतं.

टेबलावरचं जहाज त्याने एका सुताराकडून करून घेतलं होतं. शिडं वहिनींच्या जुन्या मलमलच्या साडीची. ऑफिसातला छतावरचा पंखा त्याने पहिल्याच आठवड्यात काढून टाकला, कारण वारा वरून येत नाही, आडवा येतो. त्याजागी भिंतीवर पंखा आला. रोज सकाळी दुकान उघडलं की उदबत्तीच्या आधी तो पंखा लावायचा आणि मग जहाजाच्या एकेका दोरीला हात घालून शिडं त्या वाऱ्याला जुळवायचा. दोनवर शिडं छान पोट धरत. तीनवर पुढचं शीड फडफडायला लागे. पाचवर एकदा जहाज आडवं झालं होतं आणि एका डोलकाठीला फेव्हिकॉल लावावा लागला. त्यामुळे मे महिन्यातही पंखा दोनवर. गिऱ्हाईक रुमालाने मान पुसत म्हणे, "जरा वाढवता का?" अरविंद शांतपणे म्हणे, "वारा आहे तेवढा पुरे आहे."

आता मुख्य गोष्ट. हा माणूस आयुष्यात एकदाही शिडाच्या जहाजावर चढलेला नव्हता. कुठल्याच जहाजावर नाही.

आम्ही जुन्या पनवेलचे. लहानपणी शाळा सुटली की अरविंद खाडीकडे जायचा. बंदर तेव्हाच गाळाने भरत आलं होतं, पण भरतीला एखादा मचवा यायचा. त्याचं ते मळकं तिरकं शीड वर चढताना पाहायला हा चिखलात घोट्यापर्यंत उभा. मग एकदा सुट्टीत आम्ही मुंबईला असताना उरणच्या लग्नासाठी आम्हाला भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला, म्हणजे उरणच्या बंदराला, लाँचने नेलं. अरविंदला बोट लागली. धक्का दिसत होता तेव्हा सुरू झालं ते मोरा दिसेपर्यंत चाललं. शेवटी जवळ काही उरलं नाही तेव्हा त्याने शेजारच्या अनोळखी बाईंच्या आहेराच्या पितळी घागरीचा आसरा घेतला. ती घागर पुढे कोणाच्या संसारात गेली, हे मी कधी विचारलं नाही. परत येताना त्याला रस्त्याने आणावं लागलं. पुढे तो मुंबईत एका जहाज कंपनीत लागला. जहाजांचे कागद त्याच्या हातून आयुष्यभर गेले, जहाजावर तो गेला नाही. निवृत्तीनंतर त्याने हे ऑफिस काढलं. त्याचं गुपित दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि वहिनींना. वहिनी म्हणत, "मला हौस नाही आणि यांना पोट नाही. छान चाललंय."

पण बोलायचा असा, की ऐकणाऱ्याचे पाय ओले व्हावेत. इंजिन बंद होतं, शिडं वाऱ्याने भरतात, आणि मग एक शांतता पसरते... इथे तो थांबायचा. गिऱ्हाईकही श्वास धरून थांबायचं. मग विचारायचं, "तुम्ही स्वतः किती वेळा गेलात?" अरविंद मान जराशी हलवून म्हणायचा, "मोजलं नाही कधी." शून्य मोजायची पद्धत नसते, हे खरंच आहे.

हे असं बरंच चाललं असतं. पण एक दिवस गव्हाणहून संदीप आणि त्याची आई आले. संदीप बांधकामाच्या धंद्यातला. मिठागरं गेली, शेती गेली, आणि त्या बदल्यात जे आलं त्यातून याने इमारती उभ्या केल्या. त्याची फक्त एकच अट होती. "साहेब, गावात कुनी गेला नसंल असा कायतरी दाखवा." दुबई, सिंगापूर, स्वित्झर्लंड ही गावं गव्हाणकरांनी केव्हाच संपवली होती. त्याची आई, जनाकाकू, पंचाहत्तरीच्या. त्या टेबलावरचं जहाज बघत राहिल्या, मग पंख्याकडे पाहिलं, मग पुन्हा शिडांकडे. "बराबर लावलाय," त्या म्हणाल्या. अरविंदला त्याच्या ऑफिसात मिळालेली ही पहिली पावती. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे मालक मिठाच्या मचव्यावर तांडेल होते, म्हणजे खलाशांचे मुख्य. गव्हाणहून मीठ भरून मुंबईला जायचे, खेपेमागून खेप, जन्मभर. पण बाईने मचव्यावर पाय ठेवायचा नाही असा रिवाज. काकूंनी काठावरून निरोप दिले, काठावरून वाट पाहिली. रस्ते झाले, ट्रक आले, मचवा चिखलात कुजला, मालकही गेले. "मना शिडाखाली बसायचा हाय," काकू म्हणाल्या. "येक डाव. तो कशापायी जायचा ता बगायचा हाय."

संदीपने तिथल्या तिथे घरची आणि भावकीतली डझनभर माणसं ठरवून टाकली. काकूंनी अरविंदकडे बोट केलं. "तुमी बरोबर यायचा. तुमी नाय तं मी नाय. नि मी नाय तं यातला कोनी नाय."

त्या दिवशी अरविंद ऑफिस लवकर बंद करून माझ्याकडे आला. चहा समोर ठेवून बसला.

"नाही म्हणायचं ना सरळ," मी म्हटलं.

"म्हणणार होतो. निघताना तिनं मला तांडेल म्हटलं."

"बरं मग?"

"तू चल."

"मी कशाला?"

"खोटं एकट्याला पेलणार नाही."

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. आलिशान या शब्दाने सुरू होणाऱ्या वस्तूंबद्दल माझं मत चांगलं नाही. पण अरविंदची फजिती पहिल्या रांगेतून बघायची संधी सोडण्याइतका मी थोर नाही. गेलो.

ग्रीसच्या बेटांमधून जाणारं जहाज होतं. चढल्या चढल्या एकाने चिमट्यात धरून थंडगार ओला रुमाल हातात दिला. तो कशासाठी, याचा विचार होईतो संदीपने त्यात चष्मा, मोबाइल आणि गळ्यातली साखळी पुसून घेतली होती. गव्हाणच्या मंडळींनी एकजात पांढऱ्या पँटी शिवून आणल्या होत्या आणि कप्तानाचा गणवेशही पांढरा, त्यामुळे पहिला तासभर इतर प्रवासी आमच्याच लोकांना वाट विचारत होते. तिथे प्रवाशाला प्रवासी म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात. पाहुणा म्हटलं की माणसाला तक्रार करता येत नाही, ही युक्ती आपल्याकडच्या लग्नांतही चालते.

काकूंनी गव्हाणहून नारळ आणला होता. शीड चढायच्या आधी दर्याला नारळ द्यायचा, त्याशिवाय निघायचं नाही. हात धुवायला जाताना त्यांनी तो एका हसऱ्या वेटरच्या हातात दिला. तो मनापासून कामाला लागला. काकू परत आल्या तेव्हा नारळाचं तोंड उडवलेलं, आत नळी, आणि वर कागदाची एक गुलाबी छत्री. संदीप त्याच्या अंगावर जाणार होता. काकूंनी नारळाकडे पाहिलं, त्या पोराच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग छत्री काढून अंबाड्यात खोचली, कठड्यावरून थोडं पाणी समुद्रात ओतलं आणि उरलेलं स्वतः प्यायल्या. "पोचला," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्यानी वरती छत्री पन दिली."

मग शिडं चढवायचा सोहळा. कर्ण्यांमधून युद्ध जिंकल्यासारखं संगीत सुरू झालं, पाहुण्यांच्या हातात पेले आले, कप्तानाने टोपी सारखी केली आणि एका अधिकाऱ्याने बटण दाबलं. शिडं आपोआप उलगडत गेली. आमच्या सोसायटीची लिफ्ट याहून जास्त कष्ट घेते. काकू मान वर करून बघत होत्या. "वढतंय कोन?" त्यांनी अरविंदला विचारलं. तेवढ्यात इंजिन थांबलं, जहाज एका अंगाला किंचित कललं, आणि ती शांतता पसरली, जिच्यावर अरविंद इतके दिवस बोलत आला होता. त्याने काकूंना समजावून सांगायला तोंड उघडलं...

वाऱ्याकडे तोंड करून ओकू नये, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगत असे. स्वतःवर वेळ आली तेव्हा तो नेमका त्याच बाजूच्या कठड्याकडे धावला. त्याचा शर्ट, माझी बाही आणि कप्तानाचे बूट, असा तो प्रसाद वाटला गेला. संगीत चालूच होतं.

संदीपने त्याला सावरून खुर्चीत बसवलं. मग जरा वेळाने विचारलं, "साहेब, तुमी याच्या आधी कदी आलावच नाय ना?"

मी काहीतरी बोलणार होतो. त्यासाठीच मला नेलं होतं. पण अरविंद म्हणाला, "नाही. पहिलीच वेळ."

संदीपचा चेहरा असा झाला, की विकत घेतलेल्या प्लॉटवर आधीच दुसऱ्या कोणाची इमारत उभी दिसावी. "फशिवलाव तुमी आमाला," तो म्हणाला. "पनवेल ते उरन येक मानूस तुमच्या दुकानात येनार नाय, बगा." धमकी म्हणून वाईट नव्हती. त्या पट्ट्यात तो ते करू शकला असता. खाली केबिनमध्ये अरविंद भिंतीकडे तोंड करून पडला होता. ही केबिन जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर. इथे सगळ्यात कमी हलतं, असं तो लोकांना सांगायचा. "गेल्यावर पाटी उतरवू," तो म्हणाला. मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दार न वाजवता आत आल्या. आदल्या दिवसापर्यंत त्याला साहेब आणि तुमी होतं. आता म्हणाल्या, "उठ बाला." बासष्ट वर्षांचा माणूस निमूट उठला. त्यांनी त्याला हाताला धरून वर नेलं, मधल्या डोलकाठीच्या बुंध्याशी पाठ टेकवून बसवलं, कमरेच्या पिशवीतून कोकमाचं सोल काढून त्याच्या तोंडात दिलं. "डोंगराकरं बग. पान्याकरं बगू नको." पाहुण्यांनी दोरखंडांमध्ये बसायचं नसतं, हे सांगायला आधी एक वेटर आला, मग एक अधिकारी, मग बूट बदललेला कप्तान. काकूंना त्यांची भाषा येत नव्हती आणि ती यावी अशी त्यांची इच्छाही दिसली नाही. कप्तान परत गेला आणि उशी घेऊन आला.

संदीप लांब कठड्याशी उभा होता. काकूंनी त्याला हाक मारली.

"हिकरं ये. तुझा बापूस दर खेपंला पयल्या दिशी वकायचा."

संदीप हसला. "आये, काय पन बोलतंस. तांडेल व्हता तो."

"तांडेल व्हता, नि वकायचा."

"कोन बोल्ला तुला?"

"बोलंल कोन? कपरी मीच धुवायची ना."

संदीपचं हसू तिथेच राहिलं. "मंग खलाशांना काय सांगायचा?"

"तंबाखू लागली म्हनायचा. दर खेपंला. त्यांना काय समजत नसंल? पन कोनी बोलायचा नाय." काकूंनी अरविंदकडे मान केली. "तुझ्या बापसानी जन्मभर लपवला. मिठाचा येक दाना भिजला का कदी? मंग? यानी तरी तुझा काय भिजवला?"

मला वाटतं, बाप गेल्यानंतर बापाविषयी नवीन काही कळेल अशी संदीपची अपेक्षा नव्हती. तो खाली गेला आणि येताना अरविंदसाठी लिंबाचं सरबत घेऊन आला. दिलगिरी वगैरे कोणी व्यक्त केली नाही. आमच्या भागात ती पद्धत नाही.

काकू डोलकाठीच्या दुसऱ्या अंगाला पाठ लावून बसल्या. दोघं दोन दिशांना तोंड करून. वर शीड. दुपारच्या जेवणाला सात प्रकारची चीज आणि एक पियानोवाला होता. ती दोघं काही आली नाहीत. संध्याकाळी मी काकूंना विचारलं, कसं वाटलं. त्यांनी आधी वर शिडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "येवरा लागायचा त्याला, तरी जायचा. मना वाटायचा, घरात मन लागत नाय म्हनून जातंय." अंबाड्यातली छत्री त्यांनी सरळ केली. "ता नव्हता. शिडासाठी जायचा. आज बगला. आता राग नाय." एवढं बोलून त्या आतल्या बाजूला गेल्या. राग किती वर्षांचा होता, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

परत आल्यावर अरविंदने पाटी उतरवली नाही. पेंटरला बोलावून खाली एक ओळ वाढवून घेतली: 'मालकांना बोट लागते'. पोळी-भाजीच्या रांगेत महिनाभर हाच विषय होता. आमच्या कॉलनीतल्या दोन-तीन ठरलेल्या कुटुंबांनी बेत रद्द केले. ज्याला बोट लागते त्याच्याकडून बोटीची तिकिटं घेणं त्यांच्या सुशिक्षित मनाला पटेना. पण गव्हाणहून, उरणच्या रस्त्यावरच्या गावांतून माणसं यायला लागली. संदीप पाठवायचा. काय सांगून, ते त्याने कधी सांगितलं नाही. त्यातली अर्धी माणसं आत आल्यावर इकडेतिकडे बघून आवाज उतरवत आणि विचारत, "साहेब, मना पन लागते. चालंल का?"

अरविंद दरवर्षी एका टोळीबरोबर जायला लागला. दर वेळी पहिल्या दिवशी कठडा, मग डोलकाठी आणि सोल. किती वेळा गेलात, असं कोणी विचारलं तर आता तो आकडा सांगायचा. बोलणंही बदललं. शांततेवर थांबणं त्याने सोडून दिलं. "शांत अजिबात नसतं," तो सांगायचा. "पाठ टेकून बसलात तर डोलकाठी आतून गुणगुणते. तुमच्या पाठीच्या कण्यात ऐकू येतं. हे माहितीपत्रकात नाही." पूर्वीचं भाषण जास्त चांगलं होतं. पण यावर माझा विश्वास बसला.

दिवसकार्य झाल्यावर जनाकाकू भेटायला आल्या. घरी नाही, ऑफिसात. वहिनी आणि मी तिथे आवराआवर करत होतो. औषधवाल्याला ती जागा हवी आहे, त्याचं दुकान वाढतं आहे. संदीपने काकूंना हात धरून खुर्चीत बसवलं. त्या आता पुष्कळ वाकल्या आहेत. त्यांनी जहाजाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्याचा वारा का बंद?"

मी घाईने बटण फिरवलं. पंखा एकदम पाचवर गेला, पुढचं शीड उलटं फिरलं आणि जहाज टेबलावर सरकलं. "हलू रं! हलू!" काकू ओरडल्या. मी दोनवर आणलं. वहिनींनी दोरीला हात लावून शीड सरळ केलं. त्यांना ते येतं, हे मला त्या दिवशी कळलं. काकूंनी कमरेची पिशवी उघडली, एक सोल काढलं आणि मधल्या डोलकाठीच्या बुंध्याशी ठेवलं. मग संदीपला म्हणाल्या, "चल."

जहाज आता माझ्याकडे आहे. वहिनींनीच दिलं. "तुमच्याकडे भिंत मोठी आहे," त्या म्हणाल्या. भिंतीवर पंखा लावून घ्यावा लागला. इलेक्ट्रिशियनला वाटलं मला हवेची गरज आहे. मी दिखाव्याच्या वस्तू घरात ठेवणाऱ्यांतला नाही, आणि हे जहाज कशासाठी म्हणून पाहुण्यांनी विचारलं तर मी विषय बदलतो. सोल वाळून काळं झालं आहे. माझी बायको धूळ पुसताना ते उचलते, खालची फळी पुसते आणि पुन्हा तिथेच ठेवते. मग घाम पुसत म्हणते, "जरा वाढवा की पंखा."

मी म्हणतो, वारा आहे तेवढा पुरे आहे.